घरटं न बांधलेली संध्याकाळ

त्या संध्याकाळी म्हाताऱ्याची हाक आली नाही.

एवढंच झालं होतं. दुसऱ्या कुणाला ते जाणवलंही नसतं. पण मी हातातली फांदी अर्धी वाकवून तशीच बसून राहिले. रोज दिवस कलला की आमच्या भागातला तो थोराड नर, गालांना रुंद पाळ्या असलेला, गळ्याची पिशवी फुगवून लांबलचक गरजतो. ज्या दिशेला तोंड करून गरजेल, त्या दिशेला तो उद्या जाणार. ते ऐकायचं, मनात उद्याची वाट ठरवायची आणि मग आडवं व्हायचं, असा माझा नेम. त्याच्या हाकेच्या टापूत राहिलं की उनाड नर वाटेला जात नाहीत. त्या दिवशी मी कान देऊन बसले, तर नुसती किड्यांची किरकिर, आणि नाकात कसलासा करपट वास.

मी बोलतेय ती वरून, या झाडाच्या शेंड्यावरून. माणसं मला ओरांगउटान म्हणतात. त्याचा अर्थ रानातलं माणूस. रानातलं हे खरं, माणूस की काय ते ज्याचं त्यानं ठरवावं. खालच्या वहीत माझं नाव केनारी असं आहे आणि माझ्या पिल्लाचं केचापी. दोन्ही झाडांची नावं. आईच्या नावाचं पहिलं अक्षर पिल्लाला द्यायचं, ही त्यांची पद्धत. आमच्यात नावं नसतात. कोण आलं ते आम्हाला फांदी कशी हलते त्यावरून कळतं.

माझा जन्म याच दलदलीच्या रानातला. खाली जमीन म्हणावी तर जमीन नाही. शेकडो वर्षांच्या कुजक्या पानांचा भुसभुशीत थर, आणि त्यात माणसं पितात त्या चहाच्या रंगाचं पाणी. आठ वर्षं मी आईच्या अंगाला धरून होते. कुठलं फळ कधी पिकतं, कुठल्या खोडात वाळवी असते, फळं संपली की कुठली साल सोलून चघळायची, फांद्या वाकवून घरटं कसं विणायचं, पावसात मोठी पानं डोक्यावर कशी धरायची, हे सगळं तिनं करून दाखवलं. मी बघत राहिले. बघता बघता जमलं.

एकच गोष्ट तिनं बजावून सांगितली, तीही न बोलता. कालव्यावर माणसांनी आडवा टाकलेला ओंडका दिसला की ती माझं मनगट आवळायची. इतकं, की केस उपटून निघायचे. खाली उतरायचं नाही. आणि माणसांच्या लाकडावर तर पाऊलसुद्धा टाकायचं नाही.

तिची भीती माझ्यात उतरली ती उतरलीच. मी मुळातच दचकणारी. पिकलं फळ टपकन पडलं तरी माझे दोन्ही हात फांदीला आवळतात. पिल्लू झाल्यावर वाटलं, आता तरी धीट होईन. झालं उलटंच. पूर्वी एका जिवाचं दचकणं होतं, आता दोन जिवांचं झालं.

खालची माणसं आता नवी नाहीत. मी लहान होते तेव्हापासून ती येतात. पहाटे मी घरट्यात डोळे उघडायच्या आधी खाली हजर, आणि संध्याकाळी मी नवं घरटं बांधून त्यात पडेपर्यंत हलत नाहीत. "घरट्यातून उठवायचं, घरट्यात झोपवायचं, मग आपली सुट्टी," असं देहेन मामा म्हणतात. देहेन मामा म्हणजे या नदीकाठच्या दायक लोकांतले म्हातारे वाटाडे. कानावर लवंगेची विडी कायम, पण कोरड्या दिवसांत ती कधी पेटवायची नाही. "हे रान माझ्यापेक्षा लवकर पेटतं," म्हणतात.

त्यांच्याबरोबर लामियांग असते. शहरात कॉलेज शिकून आलेली, गळ्यात दुर्बीण, हातात वही. मनगटावरचं घड्याळ दर दोन मिनिटांनी टिंग करतं आणि ती लिहिते. काय खाल्लं, कुठे बसली, पिल्लू कुठे. मी अंगावर काटकी टाकली तर ती जागच्या जागी उडते. मला ती बरी वाटते. माझ्यासारखंच दचकणारं कुणीतरी खाली आहे, म्हणून असेल.

एकदा मुंग्या चावल्या म्हणून मी अंधारातच दोन झाडं पलीकडे दुसरं घरटं केलं. लामियांग पहाटे येऊन जुन्या घरट्याखाली बसली ती उन्हं वर येईस्तोवर. देहेन मामांनी तिला शोधून काढलं.

"काय गं, तुझं घरटं अजून उठलं नाही का?"

"शू, मामा. झोपलीय ती."

"ती कधीच उठून अंजीर खातेय. तू कुणाला झोपवतेयस?"

तेव्हापासून तिचं नाव रिकाम्या घरट्याची राखणदारीण. जेवायला पानातला भात आणि तळलेली सालुआंग मासळी उघडली की मामा हमखास विचारायचे, "राखणदारीण बाई, घरट्याला एक मासा ठेवायचा का?"

आणि दुसरी थट्टा वहीची. आम्हा आयांची पिल्लाला बोलवायची एक रीत आहे. निघायचं असलं की दंडापासून मनगटापर्यंत हात लांब करून एकदाच खाजवायचं. कर्र. खाज वगैरे काही नसते. पिल्लू ते ओळखतं, असेल तिथून येतं आणि बगलेत शिरतं. मोठ्यानं ओरडलं तर सगळ्या रानाला कळतं. खाजवलं तर ज्याला कळायचं त्यालाच.

"पान भरलंय नुसतं," मामा वही उलटून म्हणाले होते. "खाजवलं, खाजवलं, खाजवलं. तिला खरूज झालीय का?"

"नाही हो मामा. नीट बघा ना. ती लांब ओढून खाजवते, आणि लगेच पिल्लू येऊन चिकटतं. बोलावते ती त्याला."

"तुझी आई तुला अशीच बोलवायची?"

"माझी आई उलथनं आपटायची."

"मग पळत यायचीस?"

"पळायचे. पण दुसरीकडे."

मामा हसले, पण त्यांनी मान वर करून माझ्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

तर म्हाताऱ्याची हाक न आलेल्या त्या संध्याकाळनंतरची सकाळ. उठले तर समोरचं झाड नाही. म्हणजे होतं, पण धुरात बुडालं होतं. आमच्याकडची आग ज्वाळा दाखवत नाही. जमिनीच्या पोटातून सरकते, मुळं खाते, आणि वर नुसता धूर सोडते. पूर्वी इतकं पेटायचं नाही. लाकूडतोड्यांनी ओंडके वाहून न्यायला कालवे खणले, त्यांतून रानाचं पाणी निघून गेलं, आणि ओल्या रानाचं सरपण झालं.

आज वाटतं, म्हाताऱ्याचा घसाच बसला असेल. पण तेव्हा मला एवढंच समजलं, की आज वाट माझी मला ठरवायचीय. मी घाबरले, आणि घाबरलेलं कुणीही करतं तेच केलं. वास येत होता त्याच्या उलट्या बाजूला निघाले. त्या बाजूला कालवा होता.

कालव्यावर दोन काठांच्या मध्ये झुकलेलं एकच उंच, सडपातळ झाड होतं. त्यावर चढायचं, अंगाचं वजन टाकून झोके द्यायचे, झाड पलीकडे वाकलं की तिकडची फांदी धरायची. मग एक हात इकडे, एक पाय तिकडे, असं स्वतःचंच अंग ताणून धरायचं आणि पिल्लानं पाठीवरून चालत जायचं. आईनं मला असंच नेलं होतं. केचापीला मी शंभर वेळा नेलं होतं.

मी पलीकडची फांदी धरली. पाठीमागे पायांत झाड. केचापी माझ्या घोट्यापाशी आलं, त्याची बोटं लागली मला. आणि धुरात कुठेतरी मुळं जळालेलं एक मोठं झाड कडाडून कोसळलं.

मी दचकले. पाय सुटला.

एवढंच. पाय सुटला. झाड उलट फिरलं ते इतक्या जोरात, की मधोमध मोडून पाण्यात पडलं. केचापी त्या काठावर फेकलं गेलं. फांदीचा आवाज ऐकला, मग त्याचं रडणं ऐकलं, म्हणजे जिवंत होतं. मग धूर आला आणि रडणं दूर दूर गेलं.

मी काठाकाठानं किती फिरले ते सांगता येणार नाही. दुसरं झाड नव्हतं. खाली पाणी काळं आणि खोल. माणसांचा ओंडका तेवढा होता, तिकडे, वळणापाशी. मी त्याच्या वरच्या फांदीपर्यंत गेले आणि माझं मनगट आपोआप दुखायला लागलं. परत आले. खाजवलं. पुन्हा खाजवलं. धुराच्या दिवशी आवाजही जड होतो, माझी कर्र पाण्यापर्यंतसुद्धा पोचली नसेल.

माणसं त्याच ओंडक्यावरून माझ्या काठाला आली होती. खाली टिंग वाजत होतं.

"बाळ?" मामा तोंडावरच्या फडक्यातून विचारत.

"सोबत," लामियांग म्हणे, आणि खोकत लिही.

मला लिहितावाचता येत नाही, पण नंतर कळलं की वहीसुद्धा घसरते, माझ्या पायासारखी. मला वाटलं होतं, त्यांना दिसतंय. सगळं दिसतं म्हणून तर ही माणसं वर्षानुवर्षं माझ्या मागे आहेत. त्यांना दिसतंय आणि तरी ती शांतपणे भात खातायत, याचं मला फार वाईट वाटलं. खरं तर त्यांना काहीच दिसत नव्हतं.

दिवस कलला. घरटं बांधायची वेळ. मी सवयीनं एक फांदी वाकवली, तिच्यावर दुसरी, आणि हात थांबला. केचापी रोज माझ्या शेजारी खोटं खोटं घरटं करतं. तीन काटक्या मोडतं, त्यावर बसतं, आणि ते कोसळलं की माझ्या घरट्यात येतं. मी फांदी सोडून दिली. ती सटकन सरळ झाली. दुसऱ्या झाडावर गेले. तिथेही तेच झालं. तिसऱ्यावरही.

"आज हिला झालंय काय?" मामा म्हणाले. "घरटं होत नाही तोवर आपलं जेवण नाही, हे विसरली का?"

लामियांग वहीची पानं मागे उलटत होती.

"भात थंड झालाय म्हणतोय मी."

"मामा, एक सांगू? रागवाल."

"ऐकल्यावर ठरवीन."

"पिल्लू मी दुपारपासून पाहिलेलं नाही."

मामांचा हात कानावरच्या विडीपाशी गेला आणि तिथेच राहिला. "वहीत तर आहे."

"वहीत आहे. धुरात नीट दिसत नव्हतं. ती दिसत होती, म्हटलं ते पाठीला असेलच. नेहमी असतंच ना. मी नुसत्या दोन टिकल्या देत गेले. वरच्यासारखंच, वरच्यासारखंच. शे-दीडशे वेळा दिल्या असतील."

"शेवटचं कधी पाहिलंस? वहीनं नाही विचारत मी. डोळ्यांनी."

"पलीकडे. आपण ओंडक्यावरून यायच्या आधी."

मामा खाली बसले. बूट काढून आतलं पाणी ओतलं, पुन्हा घातला.

"मला काढून टाकतील, मामा."

"टाकतील तर टाकतील, मोठी हो. टिकल्या तू दिल्यास आणि मी काय केलं? दर वेळी तुला विचारलं आणि मान हलवली. मान वर केली का? चाळीस वर्षं रानात घालवली आणि दुपारभर एका पोरीच्या वहीत जनावर बघत बसलो." ते उठले. "आता डोकं चालव. एवढंसं पोर, आई दिसत नाही. कुठे जाईल?"

लामियांगनं कालव्यापलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "कालच्या घरट्यात. ते पलीकडेच आहे. त्या झाडाला लाल फीत मीच बांधलीय."

"बघ. राखणदारीण कुणाला म्हणतात."

मला हे सगळं तेव्हाच समजलं असं नाही. बरंचसं नंतर, त्यांच्या बोलण्यातून जुळवलं. तेव्हा फक्त दिसलं ते एवढं, की दोघांनी पिशव्या पाठीला लावल्या आणि ओंडक्याच्या दिशेनं चालायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी घरट्यात नव्हते आणि ती निघाली होती. धुरात आधी मामा विरले, मग लामियांगचा पिवळा शर्ट.

मी कधी माणसांना हाक मारलेली नाही. त्या दिवशी ओठ पुढे काढून चुंबनासारखा तो आवाज केला, जो आम्ही नको असलेल्यांना हाकलायला करतो. जा म्हणायचाच आवाज मला येत होता. थांबा म्हणायचा येत नव्हता.

मग फक्त धूर. इथे थोडं थांबते. तुम्हाला एक सांगायचंय, ते शेवटी सांगायला जमणार नाही. तुम्ही आमच्याबद्दल लिहिता, मोजता, नावं देता, त्याला माझी ना नाही. पण वरच्यासारखंच असं लिहायच्या आधी एकदा मान वर करत जा. काल होतं ते आज तिथेच असेल, असं आमच्या रानात आता राहिलेलं नाही. माझं मागणं तेवढंच.

किती वेळ गेला कोण जाणे. उजेड राखेसारखा झाला होता. आणि पलीकडून, लांबून, आवाज आला.

कर्र-कर्र-कर्र.

माझे केस ताठ झाले. खाजवण्याचाच आवाज होता, पण कुठल्याच आईचा नव्हता. तुटक, घाईघाईचा.

"अशी नव्हे," धुरातून मामांचा आवाज आला, दबका. "पातेलं घासतेयस का? लांब ओढ."

"नखं मोडली माझी. आणि मामा, नियम आहे ना? बोलवायचं नाही, खायला द्यायचं नाही, हात लावायचा नाही."

"बरोबर आहे. झाडाची साल खाजवायला कुणाची बंदी आहे? खाजव. आणि त्याच्याकडे बघू नकोस, पुढे चालत राहा."

थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा एक, आता सावकाश, लांब ओढलेली. कर्र. मग थोडी जवळ आणखी एक. मग आणखी. आवाज चालत होता. लाल फितीच्या झाडापासून पाण्याकडे, पाण्याकाठानं वळणाकडे. ओंडक्याकडे.

त्यांच्यामागून दुसरं काही येत होतं का, ते मला ऐकू येईना. मी फांद्यांवरून वळणापर्यंत गेले. ओंडका खाली होता, माणसांच्या पायांनी गुळगुळीत झालेला, दुसरं टोक धुरात. तिकडचा आवाज थांबला. खोकण्याचा एक बारीक आवाज, दाबलेला. मग मामा कुजबुजले, "बस. आता आपण मागे. आता तिचं काम."

मनगट दुखायला लागलं. आई तिथेच होती जशी काही, आवळून धरत होती. मी एक फांदी खाली आले. थांबले. आणखी एक. खोडाला धरून घसरत, जिथे मी आजवर कधी गेले नव्हते तिथपर्यंत. जमीन पायांखाली स्पंजासारखी दबली आणि कोमट होती. मला पळून वर जावंसं वाटलं. इतकं वाटलं, की एक हात खोडावर गेलासुद्धा.

दुसरा हात मी ओंडक्यावर ठेवला. त्याला भाताचा, घामाचा, बुटांचा वास होता. काहीही झालं नाही. लाकूडच होतं ते.

मग मी त्यावर बसले, डावा हात पुढे लांब केला, आणि दंडापासून मनगटापर्यंत बोटं ओढली. कर्र.

धूर हलला नाही.

पुन्हा ओढली. कातडं सोललं असेल, मला कळलं नाही. पाणी ऐकत होतं, पलीकडे दोन माणसं श्वास रोखून ऐकत होती, आणि मीही.

आणि मग त्या टोकाकडून आधी एक रडवेला, नाकातला हुंकार आला. आणि त्यामागून, छोट्याशा हातावर छोट्याशा नखांनी, जरा वाकडीतिकडीच, पण लांब ओढलेली:

कर्र.